गुंडी जेवत नाही

त्या गल्लीत दोघी बहिणींची लाँड्री होती, दुकानाच्या वरच त्यांचं घर होतं, आणि त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. एक थोरल्या बाई, दुसऱ्या धाकट्या बाई. धाकट्या बाईंची साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, सुईत दोरा ओवायला चष्मा लागायला लागला, तरी त्या धाकट्याच राहिल्या. धाकटं म्हणून जन्माला आलं की त्यातून निवृत्ती मिळत नाही.

धाकटीचं सगळं लहानपण थोरलीच्या वापरलेल्या वस्तूंवर निघालं. फ्रॉक थोरलीचे, दप्तर थोरलीचं, बूटही थोरलीचे, पुढे कापूस कोंबलेले. गणिताच्या पुस्तकातली उदाहरणंसुद्धा थोरलीनं आधीच पेन्सिलीनं सोडवून ठेवलेली असायची, आणि तीही चुकीची. पुढे लाँड्री निघाली ती थोरलीनं काढली. धाकटी येऊन इस्त्रीच्या टेबलामागे उभी राहिली ती राहिलीच. याबद्दल तिची तक्रार नव्हती. आई लवकर गेली तेव्हा थोरलीनंच तिला भरवलं, न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं. पण साठीनंतर एखाद्या दिवशी माणसाला वाटून जातं, की एक तरी गोष्ट अशी असावी जी आपल्याआधी कुणी वापरलेली नाही. कुणी अशा वेळी पैंजण करून घेतं, कुणी प्रवासाला जातं. धाकटीला अजगर हवासा वाटला.

हे वेड तिच्या डोक्यात घातलं ते दातांच्या डॉक्टरांनी. त्यांचे पांढरे कोट दर आठवड्याला धुवायला यायचे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून झालं की घरी जाऊन ते अजगर पाळायचे. मोठे नव्हेत, बॉल पायथन जातीचे. बुटका, बिनविषारी, भित्रा अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करून बसतो. कोट द्यायला आलेल्या डॉक्टरांनी फोनमध्ये नुकत्या अंड्यातून निघालेल्या पिल्लांचा फोटो दाखवला, धाकटीनं चष्मा लावून पाहिला, आणि त्या दिवशी तिच्या हातून एका शर्टाची बाही जळता जळता वाचली.

पिल्लू घरी आलं तेव्हा ओंजळीत मावत होतं. तपकिरी अंगावर पिवळसर ठिपके, आणि डोळे असे की जणू आपल्याला इथं कुणी आणि का आणलं हे विचारावं की नको, याच विचारात आहे. वेटोळं करून बसलं की शर्टाच्या गुंडीसारखं दिसायचं. जन्मभर लोकांच्या शर्टांना तुटलेल्या गुंड्या लावत आलेल्या बाईला दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. गुंडीच ठेवलं.

थोरलीनं मात्र तिचं नाव घेतलं नाही. ती 'लांबडं' म्हणायची.

"लांबड्याला घरात आणायची ही कुठली हौस म्हणायची?" ती म्हणाली.

"ताई, माझ्या खोलीत राहील ती. तुझ्या वाटेत यायची नाही."

"वाटेत येईल कशी? मी त्या वाटेला गेले तर ना."

हे बोलून झालं आणि पाचच मिनिटांत ती धाकटीच्या खोलीत उभी होती. थोरलीला दार वाजवायची सवय नव्हती. धाकटीची खोली, धाकटीचं कपाट, धाकटीची पत्रं, यांना दारं आणि पाकिटं असतात हे तिच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. तिनं लांबूनच मान लांब करून डबा पाहिला. डबा मोठा, पारदर्शक, झाकणाला भोकं पाडलेली. खाली एका बाजूला ऊब देणारी चटई, दोन बाजूंना लपायला दोन आडोसे, पाण्याचं भांडं. थोरलीनं पहिला प्रश्न विचारला तो तिच्या स्वभावाला धरूनच होता.

"हे जेवतं काय?"

"उंदीर. मेलेले, गोठवलेले. डॉक्टरांनी दिलेत. फ्रीजरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवते, वेगळ्या डब्यात."

थोरलीनं डोळे मिटले, मग उघडले. "झाकण घट्ट लाव," एवढंच ती म्हणाली.

थोरली ही अशी बाई होती की तिच्या घरात आलेला माणूस जेवल्याशिवाय गेलेला नव्हता. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा निदान काहीतरी तोंडात टाकूनच उंबऱ्याबाहेर पडायचा. ती नुसतं वाढायची नाही, जेवणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहायची आणि घास पोटात पोचेपर्यंत नजर हलवायची नाही. तिचा दुसरा गुण म्हणजे डाग. कॉलरवरचा घाम, बाहीवरची शाई, टेबलक्लॉथवर सांडलेलं काहीही असो, थोरलीपुढे ते टिकायचं नाही. पांढऱ्यावर डाग दिसला की तिला चैनच पडत नसे. एकदा भेटायला आलेल्या गृहस्थांच्या अंगातला शर्ट तिनं बोलता बोलता उतरवून घेतला होता. बिचारे बनियनवर चहा पिऊन, ओला शर्ट पिशवीत घालून घरी गेले.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पहिला आठवडा गुंडीला कुणी हात लावला नाही. मग पहिलं जेवण. दुकान बंद करायच्या थोडं आधी धाकटीनं उंदराचं एक पांढरं पिल्लू काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं आणि बर्फ सुटायला सिंकपाशी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवलं. खाली जाऊन शेवटचे कपडे दिले, शटर ओढलं, वर आली. उंदीर मऊ झाला होता. लांब चिमट्यात धरून तिनं तो गुंडीपुढे हलवला. गुंडीनं जीभ बाहेर काढली, एकदा, दोनदा, आणि डोकं आत ओढून चेंडू करून टाकला.

"नाक मुरडलं," मागून थोरली म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली ते कळलंही नव्हतं.

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. धाकटीनं डॉक्टरांना विचारून काय काय म्हणून केलं नाही? डब्याच्या तिन्ही बाजूंना कागद लावले, म्हणजे गुंडीला उघड्यावर बसल्यासारखं वाटू नये. आडोसे अजून लहान केले, अंगाला घट्ट बसतील असे. ऊब वाढवली, कमी केली. उंदराचं डोकं केस वाळवायच्या यंत्रानं गरम केलं, कारण या जातीला भक्ष्याची ऊब जाणवते म्हणे. गुंडी प्रत्येक वेळी जीभ काढायची, थबकायची आणि तोंड फिरवायची. पालथ्या घड्यावर पाणी.

न खाल्लेला उंदीर फेकून द्यावा लागायचा. तो पिशवीत गुंडाळून नेताना थोरलीच्या डोळ्यांपुढून जावं लागायचं, आणि थोरली काही बोलायची नाही, हे तिच्या बोलण्यापेक्षा वाईट होतं. एका संध्याकाळी मात्र ती बोलली. हातातलं काम बाजूला ठेवून, खुर्ची ओढून समोर बसून बोलली, म्हणजे एक घाव दोन तुकडे होणार हे ठरलेलंच.

"हे बघ, या घरात आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही. माणूस नाही की मांजर नाही. या महिन्याच्या अखेरीपर्यंत बघू. त्यानं तोंडाला काही लावलं तर राहील. नाही तर डॉक्टर कोट न्यायला येतील तेव्हा घेऊन जातील. उपाशी जीव डोळ्यांपुढे ठेवून मला घास उतरत नाही."

डॉक्टरही तेच म्हणत होते. मोठा अजगर महिने महिने उपाशी राहील आणि त्याचं काही बिघडणार नाही, पण पिल्लाला तेवढा साठा नसतो. पाठीची रेघ वर दिसायला लागली की परत आणा, मी बघतो काय ते. आणि ती रेघ दिसायला लागली होती. धाकटी रोज सकाळी डब्यात वाकून बघायची आणि आपल्याला भास होतोय असं स्वतःला सांगायची.

तिला गुंडी परत द्यायची नव्हती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण मनाशी ती एका गोष्टीत अगदी स्पष्ट होती. गुंडी शहाणी होती, प्रेमळ होती, ओळख ठेवायची, असलं काही नव्हतंच. गुंडीला ती कोण हे ठाऊकही नसावं. पण संध्याकाळी दमून वर आलं, डब्यावरचा कागद जरा सरकवला आणि आडोशाच्या तोंडाशी ते छोटंसं नाक दिसलं की दिवसभराचा शीण जायचा. आणि हे नाक थोरलीकडून आलेलं नव्हतं.

महिन्याचा शेवटचा दिवस उद्यावर आला. धाकटीनं शेवटचा प्रयत्न म्हणून उंदीर भिजत घातला आणि खाली आली. थोरली तिच्या वाटेनं वर गेली. शटर अर्धं ओढलेलं असताना दातांचे डॉक्टर वाकून आत आले. उद्या कोट आणि अजगर दोन्ही न्यायचे होते, त्यासाठी कुठला डबा आणू हे विचारायला आले होते.

"काही आशा?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. जीभ काढते, वास घेते, आणि मागे फिरते."

"वास घेऊन मागे फिरते?" डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "वास घेतला की खरं तर पुढे यायला पाहिजे. तिचं अर्धं जेवण वासावर असतं. उंदराला वास येतो ना नीट?"

"येतो की. छान येतो."

"छान?"

"हो. मंद असा. फुलांसारखा."

डॉक्टर एक पाऊल पुढे आले. मग फार जपून, एखाद्याला दाढ काढावी लागेल हे सांगावं तसं म्हणाले, "धाकट्या बाई, उंदराला छान वास यायचं काही कारण नाही."

दोघांच्या मध्ये काउंटरवर धुतलेल्या चादरींची चळत होती. धाकटी त्या चळतीकडे पाहू लागली. चादरींनाही छान वास येत होता. मंद. फुलांसारखा. इतकी वर्षं त्या वासात राहून तिच्या नाकानं त्याची दखल घेणंच सोडून दिलं होतं. आपले हात, आपले केस, आपलं घर सगळं त्याच वासाचं, तर उंदीर का नसावा?

"आलेच मी," ती म्हणाली आणि गुडघ्यांना न विचारता जिना चढली.

स्वयंपाकघरात थोरली सिंकपाशी पाठमोरी उभी होती. डाव्या तळहातावर उंदराचं पिल्लू उताणं झोपवलेलं, उजव्या हातात कॉलर घासायचा मऊ ब्रश. बाजूला तान्ह्या बाळांचे कपडे धुवायचा साबण, आणि एका वाटीत शेवटचं पाणी, ज्याला तो वास होता. ती उंदराच्या पोटाखालची जागा अलगद, गोल गोल घासत होती.

"ताई, काय करतेस?"

"दिसत नाही? धुतेय." थोरलीनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"उंदीर?"

"मग तसाच वाढू? हे बघ पोटापाशी. पांढऱ्यावर हा एवढा पिवळा डाग. डॉक्टर माणूस, पण स्वच्छतेच्या नावानं शून्य."

"दर वेळी धुतेस?"

"पहिल्या दिवसापासून. तू खाली गेलीस की काढते, धुते, वाळवते, परत पिशवीत घालते. तुला कशाला सांगायचं, तुझ्या जीवाला आधीच घोर."

धाकटी खुर्चीवर बसली. तिला एकदम राग आला. आयुष्यात तिला थोरलीचा राग आलाच नव्हता असं नाही, पण तो नेहमी कपड्याला इस्त्री करता करता विरून जायचा. आज हातात इस्त्री नव्हती.

"तुला ती जायलाच हवी होती," ती म्हणाली. "मला सरळ सांगायचंस, नको म्हणून. हे असं मागच्या दारानं कशाला? ती वासावर जेवते, ताई. तिला दिसत नाही नीट. वास धुऊन टाकलास तर तिनं ओळखायचं कसं? महिनाभर मी तिला उंदीर देत नव्हते, धुतलेला रुमाल देत होते. आणि तू मागे उभी राहून बघत होतीस."

थोरली वळली. तिच्या तळहातावर उंदीर तसाच होता, स्वच्छ, पांढराशुभ्र.

"मला ती जायला हवी होती?" तिनं विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता. "अगं, दुकानातला कडक साबण वापरला नाही मी. बाळांचा घेतला, पिल्लू आहे म्हणून. शेवटच्या पाण्यात कपडे मऊ व्हायचं औषध घातलं, गिळताना तिच्या घशाला केस टोचू नयेत म्हणून. त्या डाग पडलेल्याला कोण तोंड लावेल असं वाटलं मला. मी नसतं लावलं." तिनं ब्रश खाली ठेवला. "तू कधी काही मागत नाहीस. फ्रॉक मागितला नाहीस, बूट मागितले नाहीस. दिलं ते घातलंस. साठ वर्षांनी एक गोष्ट मागितलीस, तीही अशी, आणि ती माझ्या घरातून उपाशी परत जाणार. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या. महिना मी तिला नव्हता दिला, स्वतःला दिला होता. तेवढ्यात धुऊन धुऊन काहीतरी जमेल म्हणून."

धाकटीचा राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते हसू होतं, आणि ते येताना डोळ्यांतून पाणी घेऊन आलं. थोरलीला आधी कळेना की हसावं की रुसावं. मग तिनं तळहातावरच्या त्या चकचकीत उंदराकडे पाहिलं आणि तिलाही हसू आवरेना. दोघी बहिणी सिंकपाशी इतक्या हसल्या की खालून डॉक्टरांनी हाक मारून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

"इस्त्री पण करणार होतीस का त्याला?" धाकटीनं डोळे पुसत विचारलं.

"नुसता वाळवला. हवेवर."

डॉक्टरांना वरूनच 'उद्या सांगते' म्हणून धाडून दिलं आणि दुसरा उंदीर काढला गेला. या वेळी धाकटी स्वतः भांड्याशेजारी खुर्ची टाकून बसली. बर्फ सुटला तसा तिनं पिशवी उघडून वास घेतला. वास वाईट होता. कोंदट, उंदराचा, नाकाला झोंबणारा. थोरलीनं पदर नाकाला लावला आणि तिची नजर पुन्हा पुन्हा पोटाखालच्या पिवळ्या डागाकडे गेली, पण तिनं हात मागे बांधून ठेवले होते. तिला किती जड गेलं असेल हे धाकटीलाच ठाऊक.

चिमट्यात उंदीर धरून धाकटी खोलीकडे निघाली. थोरली सवयीनं मागोमाग आली. दाराशी धाकटी थांबली.

"ताई, तू आत येऊ नकोस."

हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. उच्चारताना वाटलं, आता छत कोसळेल. छत जागच्या जागी राहिलं. थोरली उंबऱ्यापाशी थबकली. "का गं?" एवढंच विचारलं.

"तू जेवणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहतेस. माणसं जेवतात तुझ्या धाकानं. ती भिते."

थोरली परत स्वयंपाकघरात गेली. धाकटीनं दार लोटून घेतलं. दिवा बारीक केला. कागद सरकवला.

गुंडीचं नाक आडोशाच्या तोंडाशी होतं. उंदीर पुढे आला तशी जीभ बाहेर आली. एकदा. मग पुन्हा, आणि या वेळी लवकर लवकर, थांबायलाच तयार नाही अशी. मान मागे गेली आणि वळून बसली. आपण या प्राण्याला कधी असं बघितलंच नव्हतं हे धाकटीच्या ध्यानात आलं. आजवर तो फक्त भित्रा होता, आता तो उपाशी होता. मग काय झालं ते तिला दिसलंच नाही, इतकं ते चटकन झालं. चिमट्याला हिसका बसला, आणि उंदराभोवती गुंडीचे दोन-तीन वेढे पडलेले होते.

धाकटीनं चिमटा सोडून दिला आणि मागे सरकून पलंगाच्या कडेवर बसली. तिला मोठ्यानं हाक मारावीशी वाटली आणि नाहीही वाटली. वेढे सैल झाले. गुंडीनं उंदराचं डोकं शोधलं, जबडा इकडून तिकडून बसवून पाहिला आणि गिळायला सुरुवात केली, सावकाश, कुणाचं देणं लागत नाही अशा थाटात. गुंडी आता कुठे जाणार नव्हती. धाकटीला इतकं बरं वाटलं की ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

तेवढ्यात दारावर टकटक झालं.

धाकटीनं वळून पाहिलं. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. बोटानं ढकललं असतं तरी उघडलं असतं.

"मी आत येऊ का गं?" बाहेरून थोरलीनं विचारलं.

धाकटीनं डब्याकडे पाहिलं. उंदराचे मागचे पाय आणि शेपटी अजून बाहेर होती.

"थांब जरा," ती म्हणाली. "तिचं व्हायचंय अजून."

"बरं," थोरली म्हणाली, आणि थांबली.